पुढचा उजवा खांदा

१ जानेवारी, बुधवार. ०५३०
उठायचं ठरलेलं. प्रत्यक्षात ०८१० ला उठलो. पण आजपासून वेळ फौजी पद्धतीने लिहितोय, म्हणजे सुरुवात झाली असं धरायला हरकत नाही.

काल गावाहून बाबांचा फोन. नोव्हेंबरात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून वजन उचलणं बंद. म्हणजे ह्या शिमग्याला वाघजाईच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा मला द्यावा लागणार. आमच्या घराचा मान आहे तो, चार पिढ्यांचा. सहाणेवरून, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावरून निघायचं, जांभ्या दगडाची पाखाडी चढायची, एकशे दहा पायऱ्या, आणि वर होळीच्या माळावर पोचेपर्यंत पालखी कुठे टेकवायची नाही. आमच्या घरचा खांदा उभा राहिला नाही तर मान चुलतभाऊ सहदेवच्या घरी जातो. बाबा बोलले, जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी त्याला सांगून ठेवतो. मी बोललो, जमेल.

पालखी १५ मार्चला. हातात त्र्याहत्तर दिवस. वय ४५, वजन ९१ (जेवणानंतर).

निर्णय: साधी जिम नाही. जिममध्ये लोक आरशात बघत बसतात. मला मिलिटरी ट्रेनिंग पाहिजे. शिस्त, घाम, शिट्टी.

३ जानेवारी, शुक्रवार. २१००
बावीस वर्षं परचेसमध्ये काढली. आमच्या एमआयडीसीतल्या कंपनीत झाडू घ्यायचा तरी तीन कोटेशन लागतात. घाईत घेतलेला पंप आणि घाईत केलेलं लग्न, दोन्ही आयुष्यभर आवाज करतात, असं आमचे जुने साहेब सांगायचे. (समीक्षाला हे कधी सांगितलेलं नाही.)

तर पद्धतशीर जायचं. आधी स्पेसिफिकेशन: खांद्यावर तीस किलो, चढ, अर्धा तास, न थांबता. मग तीन ठिकाणी एन्क्वायरी. मग टेक्निकल तुलना, मग निगोशिएशन, मग ऑर्डर.

समीक्षाने विचारलं की आपण चौथ्या मजल्यावर राहतो, तर उद्यापासून लिफ्ट सोडून जिन्याने का येत नाहीस. बायको असली म्हणून काय झालं, सिंगल सोर्सवरून खरेदी मी करत नाही.

५ जानेवारी, रविवार. ०७४५
साइट व्हिजिट क्रमांक १. डोंबिवलीतलंच मैदान, घरापासून दहा मिनिटं. चालवणारा अनिश नावाचा तरुण. सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. वीसेक माणसं टायर ओढत होती. त्यात आमच्या बँकेचा मॅनेजर, तोंड लालबुंद. मी कुंपणाबाहेर उभा राहून निरीक्षण केलं, हातात कटिंग. अनिश येऊन बोलला, काका आत या, एक राउंड मारून बघा, फ्री आहे. मी सांगितलं, सध्या फक्त मूल्यमापन चालू आहे.

चहावाल्याकडून कळलं की कॅप्टन म्हणजे कॉलेजच्या कबड्डी टीमचा. पाच गुण कापले.

घरी येताना जिन्याने जायचं मनात होतं, पण लिफ्ट खालीच उभी होती.

८ जानेवारी, बुधवार. २०३०
बाबांचा फोन. काय चाललंय विचारलं. प्रोग्रॅमची निवड चालू आहे, असं सविस्तर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोलले की चपला काढ आणि रोज सकाळ-संध्याकाळ गच्चीवर चाल, दुसरं काय करू नकोस. बाबा शाळेत शिपाई होते. बायोमेकॅनिक्स वगैरे त्यांना कुठून माहीत असणार. मी बरं बोललो.

दहा मिनिटांनी मिलिटरी बूट ऑर्डर केले. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, दणकट सोलचे. प्रोग्रॅम कुठलाही निवडला तरी बूट लागणारच. ज्या मालाला यायला वेळ लागतो तो आधी मागवून ठेवायचा, हा परचेसचा पहिला नियम.

१२ जानेवारी, रविवार. १४००
साइट व्हिजिट क्रमांक २. शीळफाट्याजवळची भरती अकॅडमी. जायला पावणेदोन तास, त्यातला सव्वा तास एकाच कंटेनरच्या मागे. पोचलो तर पोरं धावून आंघोळी करून जेवायला बसलेली.

इथले सुभेदार मात्र खरेखुरे, रिटायर्ड. आधी त्यांनी मुलाचं वय विचारलं. मुलगा नाही, मुलगी आहे, अकरावीला, पण ट्रेनिंग मला पाहिजे, असं सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बोलले, दहा पुशअप काढा. तीन काढले. पण तिन्हींचा फॉर्म उत्तम होता असं माझं मत आहे. ते बोलले, मेडिकल सर्टिफिकेट आणा, मग बघू. अंतर ह्या रकान्यात शून्य गुण. दरारा ह्या रकान्यात दहापैकी दहा.

१९ जानेवारी, रविवार. १३३०
साइट व्हिजिट क्रमांक ३. ठाण्याला, येऊरच्या पायथ्याशी. संचिता मॅडम. एनसीसीतल्या, आवाज असा की रस्त्यापलीकडची कुत्री उठून बसली. कशासाठी ट्रेनिंग पाहिजे विचारलं. पालखीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, उलट नीट ऐकलं. मग बोलल्या की तुमच्या गावात जे पालखी नेतात ते काय करतात? मी सांगितलं, काही नाही करत, शेती करतात. त्या बोलल्या, मग तुम्ही पैसे कशाला घालवता, तांदळाचं पोतं खांद्यावर घ्या आणि रोज चाला.

स्वतःचा माल विकायची इच्छाच नाही. असा व्हेंडर धोक्याचा. तरी यादीत ठेवला, कारण तीन कोटेशन लागतात.

२६ जानेवारी, रविवार. १३००
टीव्हीवर परेड बघितली. छाती भरून आली. मोज्यांवर हॉलमध्ये दोन फेऱ्या मार्च केला. टाइल्स गुळगुळीत. टीपॉय वाचला, मी नाही.

त्याआधी सोसायटीच्या झेंडावंदनाला कॅमोफ्लाज पँट घालून गेलेलो. सेक्रेटरींनी लांबून बघितलं आणि नवा वॉचमन समजून खुर्च्या लावायला सांगितलं. चाळीस खुर्च्या लावल्या. व्यायाम म्हणून बघितलं तर वाईट नाही. आता कंबर धरली आहे. प्राप्ती, आमची कन्या, बोलली की बाबा, तुमच्या ट्रेनिंगमध्ये आतापर्यंत सगळ्यात मोठी कामगिरी ही खुर्च्यांचीच. तिला उत्तर द्यायला उठायचं होतं, उठता आलं नाही. पाच दिवस पूर्ण विश्रांती. शरीराला रिकव्हरी दिली नाही तर सगळंच वाया जातं.

२ फेब्रुवारी, रविवार. १८००
तुलनापत्रक पूर्ण. चौदा रकाने. प्रिंट काढून फ्रिजवर लावलं. इतकं सुंदर तुलनापत्रक मी बॉयलरच्या वेळीही केलेलं नव्हतं.

समीक्षाने विचारलं, ह्यात तू व्यायाम केलास तो रकाना कुठला. तहान लागल्यावर विहीर खणणारे तिने पाहिलेत म्हणे, पण विहिरीचं टेंडर काढणारा पहिलाच. एकेचाळीस दिवस आहेत अजून. उगाच घाबरवते.

९ फेब्रुवारी, रविवार. १०३०
चाचणी. गॅस सिलिंडर आला. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास, म्हणजे बरोबर स्पेसिफिकेशनमध्ये. गॅसवाल्याला सांगितलं, दारात ठेव, मीच आत नेतो. खांद्यावर घेतला. दार ते स्वयंपाकघर सोळा पावलं. नऊ झाली. मग चपलांच्या रॅकवर तात्पुरता टेकवला. रॅक जुनाच होता. गॅसवाला अजून लिफ्टपाशीच उभा होता, तो परत आला, एका हाताने सिलिंडर उचलून आत ठेवून गेला. साठीचा असेल. पायात स्लिपर, खांदे माझ्या निम्म्याने.

निष्कर्ष: चाचणी अंशतः यशस्वी. तांत्रिक मार्गदर्शनाची गरज सिद्ध झाली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. १९३०
काल रात्री बूट आले. काय बूट आहेत! घातल्याबरोबर माणूस वेगळाच वाटतो. ऑफिसला घालून गेलो. कॉरिडॉरमध्ये आवाज ऐकून दोन इंजिनियर उभे राहिले, त्यांना वाटलं फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. संध्याकाळी टाच सोलली. नवा बूट चावतोच, मुरायला वेळ लागतो. आता आठवडाभर पायावर ताण नको.

अनिशचा फोन. काका, उद्यापासून या, डिस्काउंट देतो. मी त्याला शिमग्याच्या पालखीचं सांगितलं आणि ऑफर तीस दिवस व्हॅलिड आहे का विचारलं. तो बोलला, काका, शिमगा कधी आहे तुमचा?

२० फेब्रुवारी, गुरुवार. १३००
ऑफिसात बसून लिहितोय. सकाळपासून कशात मन लागत नाही.

सकाळी बाबांचा फोन आलेला. मी सांगितलं, ट्रेनिंग जोरात चालू आहे. बाबा खूश. बोलले, सहदेव आणि पोरं रोज संध्याकाळी बांबूला वाळूची पोती बांधून पाखाडी चढतात, त्यांना मी सांगितलंय की पुढचा उजवा खांदा ठेवा मोकळा, माझा विनीत येतोय. सहाणेवर बसून चारचौघांत सांगितलं म्हणे. हे सांगताना त्यांचा आवाज असा झालेला की मला फोन कानापासून लांब धरावासा वाटला.

कुणाला दाखवायची नाही म्हणून ह्या वहीत लिहून टाकतो. २००३ ला मी एकदा खांदा दिलेला. अकरा पायऱ्या. बाराव्या पायरीला मला पुढे पाऊलच टाकता येईना. बाबा मागे होते. ते पुढे आले, मला बाजूला केलं, खांदा घातला आणि लोकांना सांगितलं, पोराला ताप आहे. मला ताप नव्हता. हे फक्त त्यांना आणि मला माहीत आहे. त्यानंतर शिमग्याला मी गेलोच नाही. दर वर्षी मार्च एंडिंग. गणपतीला जातो, मे महिन्यात जातो, शिमग्याला नाही. बावीस वर्षांत बाबांनी त्याचा एकदाही उल्लेख केला नाही. म्हणून तर जास्त लागतं.

मला तो खांदा द्यायचाय. खरंच द्यायचाय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. २०००
निर्णय झाला! अनिश. एकूण गुणांत पहिला, दरातही पहिला. रीतसर फोन केला, उद्या ०५३० ला हजर होतो बोललो. तो बोलला, काका, उद्यापासून मैदानात टूर्नामेंटचा मंडप उभा राहतोय, पुढची बॅच १७ मार्चला.

नियमाप्रमाणे दुसऱ्या क्रमांकाला विचारलं. सुभेदार बोलले, मेडिकल. डॉक्टरांकडे गेलो. बीपी बघून त्यांनी मला पाणी दिलं आणि दहा मिनिटं बसवून ठेवलं. सर्टिफिकेट नाही दिलं. तिसरा क्रमांक, संचिता मॅडम. बॅच एप्रिलमध्ये. शेवटी त्यांनी विचारलं, पोतं उचललंत का. मी बोललो, तुमचा आवाज तुटतोय.

व्हेंडरच्या भरवशावर राहिलं की असंच होतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. २१३०
मार्ग सापडला. मोबाइलवर ॲप: चौदा दिवसांत कमांडो. आणि १५ मार्चला बरोबर चौदा दिवस राहतात उद्यापासून. हा योगायोग नाही. देवीनेच सुचवलं असणार.

१ मार्च, शनिवार. ०६१५
दिवस पहिला. वॉर्मअप पूर्ण. ॲपमधला माणूस इंग्रजीत ओरडतो. प्राप्ती झोपेतून उठून आली, घरात कोण भांडतंय बघायला.

२ मार्च, रविवार
दिवस दुसरा. अंग असं दुखतंय की दात घासायला दुसऱ्या हाताचा आधार घेतला. रिकव्हरी.

५ मार्च, बुधवार
मार्च एंडिंग सुरू. ह्या वर्षी खरोखरचं. ॲपने विचारलं, तुम्ही हरवलात का?

८ मार्च, शनिवार. ०७००
बाबा फोनवर परत तेच, गच्चीवर चालतोस ना अनवाणी. हो सांगितलं. मग निदान खोटं पडू नये म्हणून गच्चीवर गेलो. बूट घालून. चार फेऱ्या. खडीचा एक दगड सोलमध्ये अडकला, तो काढण्यात पंधरा मिनिटं गेली. खाली आलो तर समीक्षाने विचारलं, तुमची पालखी बूट घालून नेतात का. देवाची पालखी बूट घालून कोण नेईल, एवढं मला कळतं. ट्रेनिंग वेगळं आणि कार्यक्रम वेगळा, हे तिला समजावून सांगितलं. पायाला दणकट सवय लागली की मग पाय कुठेही चालतात.

हे वाक्य बोलताना पटलेलं. लिहिताना जरा कमी पटतंय.

१३ मार्च, गुरुवार. ०६४०
ठाण्याचा खोपट एसटी डेपो. गाडी लागली आहे. रजा मंजूर. समीक्षा आणि प्राप्ती नाहीत, प्राप्तीची परीक्षा. समीक्षाने निघताना डबा दिला, आणि बोलली, नाही झेपलं तर सरळ सांग रे, कुणी खात नाही तुला. मी बोललो, झेपणारच. वजन ९२. पण बुटांसकट.

शेजारच्या सीटवरचे आजोबा बुटांकडे बघून विचारत होते, सुट्टीवर निघालात का, कुठे असता, सीमेवर? मी डोंबिवली सांगितलं. ते मान डोलावून बोलले, तिथेही कठीणच आहे.

१५ मार्च, शनिवार. १७३०
जसं झालं तसं लिहितो.

साडेबाराला पालखी सहाणेवरून निघाली. ढोल, सनई, सगळा गाव. बाबा काठी घेऊन बाजूला उभे, नवा सदरा. माझ्या पायांकडे बघून फक्त दोन शब्द बोलले, बूट काढ. काढले. मोजेही काढले. माझे पाय किती पांढरे आहेत ते मी पहिल्यांदा उन्हात बघितलं. मागून एक बाई बोलली, लोण्याचे पाय गं चाकरमान्याचे.

दांडा खांद्यावर घेतला. वजनाचं काही नाही वाटलं, खरंच. पुढे डावीकडे सहदेव. त्याने हळूच सांगितलं, पायरी बघू नको, माझ्या पावलाला पाऊल लाव. पहिली पायरी, दुसरी. जांभा दगड, मार्चचं ऊन. तवा तापतो तसा तापलेला, वर बारीक बारीक खडे. दहा झाल्या. अकरा झाल्या. बारावी झाली. बारावी झाली तेव्हा मला रडू येईल की काय वाटलं. मोजत राहिलो. एकोणीस, वीस. एकविसाव्या पायरीला उजव्या तळव्याखाली टोकदार काहीतरी आलं आणि पाय आपोआप वर उचलला गेला. तो परत खाली ठेवायला मी तयार होतो. पाय तयार नव्हता.

पालखी डुगडुगली. ढोल थांबला. टेकवायची नाही. सहदेवने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि पालखी कशीबशी तोलून धरली.

मग बाबा आले. काठी माझ्या हातात दिली, चपला पायरीवर काढल्या, मला बाजूला केलं आणि खांदा घातला. चौऱ्याहत्तर वर्षं, चार महिन्यांपूर्वी बदललेला गुडघा. डॉक्टरांनी नाही सांगितलंय, असं मी बोललो. बोललो का फक्त मनात आलं, आता आठवत नाही. आणि त्यांनी वळून लोकांना मोठ्याने सांगितलं, पोराला काल रात्रीपासून ताप आहे.

ढोल सुरू झाला. उरलेल्या एकोणनव्वद पायऱ्या बाबा चढले. सहदेवने आपला खांदा दांड्याच्या मध्यावर सरकवून बाबांचं वजन स्वतःवर घेतलेलं, ते मला मागून दिसत होतं. तो कुणाला काही बोलला नाही. मी मागून एकेक पायरी कडेच्या गवतावरून चढत होतो. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बाबांच्या चपला.

माळावर सखुबाई, बाबांची आत्या, नव्वदीची, माझ्याजवळ आली. कपाळाला हात लावला. बोलली, खरंच की रे, चटका बसतोय. उन्हात दुसरं काय होणार. मी मान हलवली.

१६ मार्च, रविवार. १००
नाही, १०००. एक शून्य राहिलं.

बाबांचा गुडघा सुजलाय. गरम पाण्याच्या फडक्याने मी शेकतोय. माझ्या तळव्याला दोन फोड, ते बाबा बघतायत, हळद लावून. दोघं पडवीत पाय पसरून बसलोय. कालच्याबद्दल एक अक्षर नाही.

सकाळी गावकी बसली सहाणेवर. गुरवांनी विषय काढला. कुणीतरी मागून बोललं, ह्याला बरोबर शिमग्यालाच ताप येतो. कुणी फारसं हसलं नाही, ते हसले असते तर बरं वाटलं असतं. बाबा उठले आणि स्वतःच बोलले, पुढच्या वर्षापासून आमच्या घरचा खांदा सहदेव देईल. मी बाबांकडे बघत होतो, ते समोर ठेवलेल्या मानाच्या नारळाकडे बघत होते. सहदेव बोलला, काका, मी देईन, पण मान तुमच्याच घराच्या नावावर राहू दे. गुरव बोलले, मान खांद्याबरोबर जातो.

मी काहीच बोललो नाही. बोलायला हवं होतं.

मघाशी बूट बाबांना ठेवायला सांगितले. बाबांनी उलटसुलट करून बघितले, ठोकून बघितले. गोठ्यात बरे आहेत, बोलले.

१७ मार्च, सोमवार. ०५२५
डोंबिवली. मध्यरात्री पोचलो, तरी आपोआप जाग आली. ठरवल्यापेक्षा पाच मिनिटं आधी. पहिल्यांदाच.

फ्रिजवरचं तुलनापत्रक काढलं. फाडणार होतो, मग मागची बाजू कोरी आहे म्हणून प्राप्तीच्या टेबलावर ठेवलं, गणितं करायला.

०५४० ला अनिशचा फोन. काका, मंडप निघाला, आजपासून बॅच सुरू, सगळे आलेत, तुमचीच वाट बघतोय, येताय ना?

पाय खाली टेकवून बघितले. फोड ठणकतात, पण चालता येईल. मैदान दहा मिनिटांवर. मी त्याला सांगितलं, ताप आहे.

समीक्षा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितलं. मग चहा ठेवायला गेली.